आडनावावरचा हात

मस्कतला मी निघाले ती रागातच. माणसं प्रवासाला निघताना देवाला नमस्कार करतात. मी अप्पांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि टॅक्सीत बसले. विमानतळावर माझीच बॅग माझ्या पायावरून गेली, तेव्हा पाचवाही सुनावला.

रागाचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमचं आडनाव गनर. देवगडच्या बाजूला खाडीकाठी आमचं मूळ गाव. तिथल्या मराठी कुटुंबाला हे इंग्रजी आडनाव कसं चिकटलं, ते कुणालाच नक्की माहीत नाही. गावातली म्हातारी माणसं सांगायची की आमचा मूळपुरुष कुठल्याशा जहाजावर तोफेपाशी राबायचा, त्यावरून ते पडलं. अप्पा म्हणजे माझे चुलते, पुण्यातल्या गनर कुलमंडळाचे अध्यक्ष. त्यांना तोफेपाशी राबणारा पूर्वज पटत नाही. त्यांच्या मते कॅप्टन गनर नावाच्या गोऱ्या साहेबानं खूश होऊन मूळपुरुषाला आपलं नाव बहाल केलं. नाव म्हणजे काय शालश्रीफळ आहे बहाल करायला? पण अप्पांपुढे बोलायची सोय नाही.

मंडळाचा कुलवृत्तांत छापायचा आहे. आधी सगळ्या शाखांच्या वंशावळी, मग 'नामवंत गनर' हे प्रकरण. संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली आणि मी बिनलग्नाची, म्हणजे अप्पांच्या भाषेत 'रिकामी'. लग्न केलं असतं तर मी त्या पुस्तकात एका ओळीत आटोपले असते: 'मालती, दिली अमुक गावी.' पिशवी द्यावी तशी.

आता नामवंत आणायचे कुठून? आमच्यात एक मामलेदार होऊन गेले, एक हार्मोनियमवादक, आणि एक सहकारी बँकेतले व्यवस्थापक. तेवढ्यावर प्रकरण उभं राहीना. तेव्हा अप्पांनी इंटरनेटवर बसून इंग्लंडातले गनर हुडकले. एक बिशप सापडला, एक न्यायाधीश, एक क्रिकेटपटू, आणि फुलपाखरं जमवणारी एक बाई. "बघ मालू," अप्पा म्हणाले, "इतक्या थोड्या लोकांचं आडनाव, आणि माणसं केवढी मोठी!" जणू त्या बिशपानं अप्पांना मांडीवर घेऊन खेळवलं होतं. शेवटी त्यांना कळलं की मस्कतजवळ समुद्राच्या एका खाचेत जुन्या इंग्रज खलाशांची थडगी आहेत आणि त्यात एक गनरही आहे. झालं! तोच आमचा कॅप्टन, असं त्यांनी ठरवून टाकलं. माझा भाचा आशिष मस्कतला नोकरीला आहे, तर मी तिथं जायचं आणि त्या दगडाचा फोटो काढून आणायचा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तो लागणार.

एवढ्यावर मी फक्त हसले असते. पण मंडळाच्या ज्या सभेत हे ठरलं, त्याच सभेत दुसरा ठराव झाला. गावातल्या मूळपुरुषाच्या घुमटीला (खोपटाएवढं छोटं देऊळ) मंडळ संगमरवर बसवणार, आणि यापुढे तिची चावी फक्त पुस्तकात नाव असलेल्या कुटुंबाकडे राहणार. ती चावी आजवर आनंदीकाकूंकडे आहे. गावात राहणाऱ्या आमच्याच आडनावाच्या बाई. त्या घुमटीत रोज संध्याकाळी दिवा लावतात, आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई लावायच्या. पण त्यांची शाखा पुस्तकात नाही. का? तर ती 'लेकावळ्यांची', म्हणजे कुठल्यातरी खापरपणजोबांनी लग्नावाचून ठेवलेल्या बाईची. मी उभी राहून विचारलं, "खापरपणजोबा तर आपलेच होते ना?" अप्पा म्हणाले, "मालू, तू चहा घे."

मी चहा घेतला नाही. मी मस्कतचं तिकीट घेतलं, कारण आनंदीकाकूंचा मुलगा सुरेश मस्कतलाच असतो, हे मला ठाऊक होतं. साहेबाला भेटायचं तर सुरेशलाही भेटायचं, एवढं ठरवून मी निघाले.

विमानातून खाली पाहिलं तर सगळे डोंगर नागडे. झाड नाही, गवत नाही, नुसता भाजलेला दगड, आणि त्याच्या पायथ्याशी पांढरीशुभ्र घरं. थंडीचे दिवस, म्हणजे तिथल्या मानानं सुखाचे, तरी विमानतळाबाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. रस्ते मात्र लख्ख. आशिष गाडी चालवताना म्हणाला, "आत्या, इथे कचरा टाकला ना तर खलास." मी म्हटलं, "मग अप्पांना इथं आणून सोडूया." तो हसला नाही. तो मंडळाच्या युवा समितीत आहे.

आशिष दार्सैतला राहतो. तिथं कृष्णाचं देऊळ आहे आणि आसपास इतकी भारतीय बिऱ्हाडं की जिन्यात फोडणीच्या वासावरून कोण कुठल्या राज्यातलं ते कळतं. त्याच्या बायकोनं, मृणालनं, वरणभात आणि सुरमई केली होती. जेवताना मी सहज विचारलं, "सुरेशला कधी भेटायचं?"

आशिषनं घास अर्ध्यावर थांबवला. "आत्या, त्यांच्याशी आपला तसा काही कॉन्टॅक्ट नाही. म्हणजे... तुला माहितीये ना, त्यांचं सगळं वेगळं आहे. अप्पा आजोबांना उगाच इशू नको."

त्याची मुलगी ईरा इंग्रजी शाळेत जाते. तिनं मान वर केली. "सुरेशकाका? बट ही कम्स ना! समरमध्ये आपला एसी... अं... बंद झाला, तेव्हा ही केम. मला आईस्क्रीम पण आणला."

मृणाल भात वाढायला उठली. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की सुरेश काका, आणि पुस्तक छापायचं झालं की 'कॉन्टॅक्ट नाही'! गरज सरो, वैद्य मरो. मी तसं तोंडावर बोलले. आशिष म्हणाला, "आत्या, प्लीज." मी सुरमईचा तुकडा तसाच टाकला, आणि सुरमई मी कधी टाकत नाही, यावरून माझा राग समजून घ्यावा.

शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी मी एकटीच टॅक्सी करून हमरियाला गेले. रुवी या बाजारपेठेला लागूनची ही जुनी वस्ती. दाटीवाटीची दुकानं, शिंप्यांची यंत्रं, केस कापायची सलूनं, मोबाईलची दुरुस्ती, आणि दर चार पावलांवर चहाची टपरी. रस्त्यात बंगाली, मल्याळी, उर्दू, अरबी एकदमच कानावर पडतात. फोनवर ठरल्याप्रमाणे चौकात सुरेश उभा होता. काळासावळा, रुंद खांद्यांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, इलात? माका वाटला, येतलात काय नाय."

त्याच्या खोलीवर कोकणातलीच आणखी तीन पोरं राहतात. मी येणार म्हणून ती मुद्दाम बाहेर गेली होती आणि खोली झाडून लख्ख केली होती. भिंतीवर घुमटीचा फोटो, त्याला कागदी फुलांची माळ. सुरेशनं खालच्या टपरीवरून करक (दाट दुधाचा, वेलदोड्याचा चहा) आणि गरम पराठा मागवला. पराठ्यात चीज आणि बटाट्याच्या चिप्सचा चुरा. पुण्यात कुणी असलं दिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. तिथं मी दोन खाल्ले.

सुरेश एसीदुरुस्तीच्या कंपनीत आहे. वर्कशॉप रुसैलला, कारखान्यांच्या वसाहतीत. रोज कंपनीची बस नेते आणि आणते. हे सगळं सांगून झाल्यावर तो एकदम म्हणाला, "ताई, पुस्तक तुमीच करतात मा?"

"हो."

"माझा नाव नसला तरी चलात. पण चावी मागूक इले तर आवस काय करतली?" आवस म्हणजे आई. "घुमटेचां दार उघडून दिवो लावल्याशिवाय ती तोंडात घास घालणा नाय. बापूस गेलो, मी हय. तिका तेवढाच आसा. हातातसून चावी काढून घेतल्यानी तर ती टिकूची नाय, ताई."

तो रडला नाही, आवाजही चढवला नाही. त्यामुळे मला जास्तच चीड आली. म्हटलं, याच्या वाटणीचं ओरडणंही मलाच करायला हवं. मी तिथूनच अप्पांना फोन लावला. त्यांना वाटलं, दगड सापडला.

"अप्पा, सुरेशच्या शाखेची वंशावळ मी घालणार आहे."

"पुरावा?" अप्पा म्हणाले. "लग्नाचा पुरावा आहे? काही आहे त्यांच्याकडे?"

"आडनाव आहे."

"आडनाव कुणीही लावेल गं! आडनावानं नातं सिद्ध होत नाही."

"आणि तुमच्या बिशपाचं कशानं सिद्ध झालं? त्या फुलपाखरंवालीचं?"

अप्पा लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "अगं, ती मोठी माणसं. त्यांच्यामुळे आपल्या आडनावाला वजन येतं. यांच्यामुळे काय येणार? तू फोटो काढ आणि ये."

फोन मी स्पीकरवर ठेवला नव्हता. पण अप्पांचा आवाज असा की सुरेशला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं असणार. त्यानं चहाचे कप उचलले, मोरीत नेऊन विसळले, आणि पुसत पुसत विचारलं, "तो सायब खय पुरलेलो आसा?"

मी सांगितलं: होडीनंच जाता येतं, सिदाबच्या कोळीवस्तीतून.

"मगे उद्या मी येतंय तुमच्यावांगडा. एकट्या बाईमाणसान होडयेतसून जावचा नाय."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि कागदात गुंडाळलेलं केळीचं पान होतं. पान रुवीतल्या मल्याळी दुकानातून आणलेलं. मला वाटलं, आमचं दुपारचं जेवण.

सिदाब डोंगराच्या पायाशी आहे. वाळूवर रंगवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि भिंतीच्या सावलीत बसलेले म्हातारे. सालिम नावाच्या नावाड्यानं आम्हांला घेतलं. डोक्यावर भरतकामाची टोपी (तिला कुमा म्हणतात), लांब पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. होडी सुटली. कडेनं काळे कडे सरळ पाण्यात उतरलेले, पाणी मात्र इतकं हिरवं आणि नितळ की खालचे मासे दिसत होते. मी ते अर्धवटच पाहिले. माझं बरंचसं लक्ष ओकारी आवरण्यात गेलं.

"मय्यत किसकी है?" सालिमनं विचारलं. "तुम्हारा क्या लगता है?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "नाम एक है बस."

त्यानं सुरेशकडे हनुवटी केली. "और ये?"

"इसका भी वही नाम."

"तो एक ही क़बीला हुआ ना," सालिम म्हणाला. "खलास." आणि त्यानं होडी वळवली. जो प्रश्न सोडवायला आमच्या मंडळाला उपसमिती लागली, तो या माणसानं सुकाणू न सोडता सोडवला होता. मला हसूही आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला.

ती खाच अगदी लहान आहे. तिन्ही बाजूंनी उघडे कडे, समोर समुद्र, मध्ये मूठभर वाळू. उतरताना लाट आली आणि माझी एक चप्पल घेऊन गेली. उरलेल्या एका चपलेनं लंगडत मी वर गेले. दगडगोट्यांच्या राशी, त्यांवर पांढरे क्रूस, काही शिळा. बऱ्याच जणांची नावं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली. आमचा दगड सुरेशलाच सापडला.

कॅप्टन कसला! पोरगा होता. जी अक्षरं लागत होती त्यावरून विशी नुकतीच ओलांडलेला, जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी, तापानं मेलेला. इंग्लंडातल्या कुठल्यातरी आईला महिनोन्महिने पत्ताही नसेल की तिचा मुलगा या भाजक्या दगडांत पुरलाय. माझा त्याच्यावर काडीचा राग नव्हता. त्यानं कुणाला नाव बहाल केलं नव्हतं, की कुणाच्या आईची चावी मागितली नव्हती. मेल्यावर त्याला आमच्या पुस्तकात मिरवायला ओढणारे आम्हीच.

मी फोन काढून उभी राहिले तोवर सुरेशनं वाळूवर केळीचं पान मांडलं होतं. डब्यातून भात, काळ्या वाटाण्याची उसळ, दोन वडे, थोडी खीर. मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे गेलेल्या माणसांना पानावर जेवण ठेवतात, त्याला वाडी दाखवणं म्हणतात. ती सुरेशनं पहाटे उठून रांधली होती.

"सुरेश, अरे हा आपला कुणी नाही," मी म्हटलं.

"नाव एक आसा मा?" तो म्हणाला. "कोण येता हय तेच्याकडे? रिकाम्या हातान कसा जावचा? पाणी तरी देवक होया."

त्यानं पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, आणि आम्ही बाजूला होऊन कावळ्याची वाट पाहत बसलो. मस्कतच्या गल्ल्यांत कावळे पैशाला पासरी, पण तिथं एकही फिरकला नाही. शेवटी दोन पांढरे समुद्रपक्षी उतरले, आधी वडा घेऊन भांडले आणि मग पान साफ केलं. सुरेशच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "सायबाक कावळो कसो शिवतलो? तेका ह्येच बरे."

मग बाटलीतलं उरलेलं पाणी त्यानं शिळेवर ओतलं आणि तळहातानं दगड पुसू लागला. मिठाचा थर निघाला. ओल्या दगडावर अक्षरं काळी उठून दिसली, आणि त्याच्या पसरलेल्या बोटांमधून आमचं आडनाव वर आलं. मी फोन डोळ्यांसमोर धरला.

"ताई, मी सरकतंय," तो म्हणाला. "नुसत्या दगडाचो काढा."

"हलू नकोस," मी ओरडलेच. "अजिबात हलू नकोस."

एकच फोटो काढला. मग मी फोन पिशवीत टाकला आणि सालिमला हाक मारली.

निघायच्या दिवशी सुरेश विमानतळावर आला. आईसाठी ओमानी हलव्याचा डबा (तूप, केशर आणि गुलाबपाण्याचा, चिवट) आणि माझ्यासाठी नवीन चपलांचा जोड. आशिषनं त्याच्याशी हात मिळवला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "सुरेशदादा, ये कधी घरी." ईरानं विचारलं, "बट ही ऑलरेडी येतो ना?" पोरीचं मराठी अडखळतं, पण नेमक्या जागी अडखळतं.

पुण्यात अप्पांनी तो फोटो मोठ्या पडद्यावर लावायला सांगितला. चष्मा पुसला, पुढे वाकले.

"हा कोण?"

"सुरेश गनर."

"याला काढून टाक. हल्ली काढता येतं म्हणे."

"येतं," मी म्हटलं. "पण बघा. त्याचा हात आडनावावर आहे. हात काढला की आडनावही जातं."

अप्पांनी पुन्हा पाहिलं. त्यांनी फोटो डावीकडून झाकून बघितला, उजवीकडून झाकून बघितला. सुरेश झाकला की उरायचा एक मुका दगड, कुणाचाही.

"दुसरा काढला असशील ना?"

"नाही."

"इतक्या लांब जाऊन एकच?"

"एकच. आणि पहिल्या पानावर लावायचा तर खाली त्याचं नाव घालून, आणि आत त्याची वंशावळ. नाहीतर दुसरा संपादक बघा." अप्पांनी चहा मागवला. या वेळीही मी घेतला नाही.

पुस्तक तिथंच अडलं आहे. दुसरा संपादक अजून मिळालेला नाही, संगमरवर गावच्या बसथांब्यापाशी गोणपाटात पडून आहे. मी एवढे डोंगर-समुद्र बघून आले, पण लोक विचारतात, मस्कतला काय पाहिलं, तेव्हा मला तो एकच हात आठवतो. नामवंत कुणाला म्हणावं, हे मला आता कळलंय, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

परवा गावाहून आनंदीकाकूंचा फोन आला. हलवा पोचला, चांगला आहे, पण दाताला चिकटतो, असं म्हणाल्या. मग थोड्या घाबरत, "बाय, मंडळातले कोण चावी न्हेवक येतलेत म्हणतत. इले तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, "काकू, त्यांना सांगा, आधी मस्कतला जाऊन साहेबाला वाडी दाखवून या. आणि तिथून येताना, तुमच्याआधी तिथं वाडी कोण दाखवून गेलं, ते त्या नावाड्याला विचारून या."